पुराच्या बोटीचं गिअर ऑइल: कुठलं, किती आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कृष्णाकाठचं गाव, 2019 च्या पुरानंतर ग्रामपंचायतीला मिळालेली फायबरची बोट, तिला 25 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन. गेल्या पावसाळ्यात थोडंफार चाललं, मग शेडमध्ये उभं राहिलं. आता मे महिना आला म्हणून तुम्ही खालचं गिअर ऑइल काढलं, तर ते दुधी निघालं. ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टवाला म्हणतो ईपी 90 ओता. मित्र म्हणतो मोटरसायकलचं 20 डब्ल्यू 40 पण चालतं. यूट्यूबवरचा गोरा सांगतो की मरीन ऑइलच पाहिजे. तर कुठलं घालू, किती घालू, आणि किती दिवसांनी बदलू?

मी साताऱ्यात गॅरेज चालवतो. कोयनेच्या जलाशयावरच्या तापोळा-बामणोलीच्या बाजूची बोटींची कामं वर्षभर असतात, आणि पावसाळा जवळ आला की सांगलीकडून पुराच्या बोटींची इंजिनं येतात. त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न दर मे महिन्यात कानावर पडतो, आणि तो नेहमी "कुठलं ऑइल" असाच असतो. दुधी निघालं ही गोष्ट लोक जाता जाता सांगतात. तुम्हीही तसंच केलंय. पण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. गिअरकेसमध्ये पाणी शिरलंय. ते कुठून शिरलं ते न शोधता जगातलं सगळ्यात भारी ऑइल घातलंत तरी पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा दुधी होणार.

तरी ऑइलचं आधी उरकतो, कारण दुकानात तुम्हाला उद्याच जायचंय.

ओबीएमच्या पायाच्या टोकाला, पंख्याच्या अगदी पुढे, जो फुगीर भाग असतो ती गिअरकेस. वरून उभा दांडा येतो, त्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे छोटा गिअर. ते दोन मोठ्या बेव्हल गिअरना फिरवतं, एक पुढचा आणि एक रिव्हर्सचा. दोन्ही सतत फिरतच असतात, उलटसुलट. तुम्ही लिव्हर टाकली की मधला डॉग क्लच त्यातल्या एकाला जाऊन अडकतो आणि पंखा त्या बाजूला फिरतो. इंजिन साधारण दोन फेरे मारतं तेव्हा पंख्याचा एक होतो. म्हणजे सगळा जोर मुठीएवढ्या जागेत, दोन-तीन दातांवर येतो. अशा ठिकाणी ऑइलचा थर दाबाखाली फाटतो आणि धातू धातूला लागतो. म्हणून या ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात, ती दातांवर पातळ थर धरतात. ईपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, ते हेच. मोटरसायकलच्या इंजिन ऑइलमध्ये ही रसायनं या प्रमाणात नसतात. शिवाय इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि घाण धरून ठेवणारी रसायनं असतात, ती पाण्यालाही तशीच धरून ठेवतात. पाणी तळाला बसायचं सोडून सगळीकडे कालवून फिरतं. तेव्हा मित्राचा सल्ला बाद.

त्याचा युक्तिवाद काय असणार ते मला माहीत आहे: "90 म्हणजे फारच जाड, 40 पातळ." तसं नाही. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगवेगळ्या पट्टीवरचे आहेत. गिअर ऑइल 90 गरम झाल्यावर साधारण इंजिन ऑइल 40-50 एवढंच जाड असतं. फरक जाडीचा कमी आणि आतल्या मसाल्याचा जास्त.

ट्रॅक्टरच्या दुकानदाराचं म्हणणं मात्र तुम्ही समजता तेवढं चुकीचं नाही. यामाहाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये साधं लिहिलेलं असतं: हायपॉइड गिअर ऑइल, एसएई 90 (हा जाडीचा आकडा), एपीआय जीएल-4 (हा दाब सोसण्याचा दर्जा). होंडा, सुझुकी, तोहात्सु यांचीही भाषा साधारण हीच, कुठे जीएल-4, कुठे जीएल-5, कुठे दोन्ही चालतात. म्हणजे सीलबंद डब्यातलं, डब्यावर 90 किंवा 80 डब्ल्यू 90 आणि तुमच्या मॅन्युअलमधला जीएल छापलेला असेल, तर ते ऑइल तुमचे गिअर खाणार नाही. मग मरीन ऑइल कशासाठी? ते पाण्याशी जरा समजुतीने वागतं. थोडं पाणी शिरलं तरी बेअरिंगला गंज चढू देत नाही, आणि दातांवरचा थर लगेच सोडत नाही. तापोळ्याला रोज चालणाऱ्या, वेळेवर सर्व्हिस होणाऱ्या बोटीला साधं 90 घातलं तरी मी फार कुरकुर करत नाही. तुमची बोट महिनोन्‌महिने उभी असते आणि गढूळ पाण्यातच बाहेर पडते, म्हणून तुम्हाला मी मरीनच सांगेन. एवढ्याशा इंजिनाला लागतं किती? पंधरा ते चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनात साधारण पाव ते अर्धा लिटर. एक लिटरचा डबा बहुतेक दोनदा पुरतो. पैशांचा फरक ग्रामपंचायतीच्या चहाच्या बिलाएवढासुद्धा नाही.

ट्रॅक्टरच्या दुकानात दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. एक, पिंपातलं सुटं ऑइल. त्यात काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं आणि पिंप पावसात बाहेर राहिलं असेल तर पाणी आयतंच मिळतं. दुसरं, ट्रॅक्टरच्या ऑइल ब्रेक आणि हायड्रॉलिकचं ऑइल. ते वेगळ्या कामाचं आहे. 140 नंबरचंही नको, "जाड म्हणजे चांगलं" हा हिशोब इथे लागू होत नाही. आणि टू-स्ट्रोक म्हणून पेट्रोलमध्ये जे ऑइल मिसळता त्याचा या ऑइलशी काही संबंध नाही. हे सांगायला लागू नये, पण दोन्ही डबे एकाच फळीवर असतात आणि रात्रीच्या गडबडीत काय होईल सांगता येत नाही. डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

दुधी म्हणजे नक्की कसं होतं? जास्त दुधाच्या चहासारखं सगळं एकसारखं कालवलेलं होतं, की आधी थोडं स्वच्छ पाणी आलं आणि मागून काळपट-सोनेरी ऑइल आलं? यावर बरंच अवलंबून आहे. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. इंजिन शेडमध्ये महिनोन्‌महिने सरळ उभं असेल तर बरंचसं पाणी खाली उतरायला हवं. तरीही सगळं एकजीव निघालं असेल तर पाण्याचं प्रमाण बरंच होतं, किंवा ऑइल फार जुनं होतं, किंवा आधी कुणीतरी इंजिन ऑइल भरलेलं होतं. तळाला चमचाभर पाणी आणि वर चांगलं ऑइल, असं असेल तर गळती बारीक आहे. नुसत्या रंगावर जाऊ नका. काही कंपन्यांचं नवं ऑइलच हिरवं किंवा निळं असतं. नवं घालताना त्याचा रंग कसा होता ते बघून ठेवलं की पुढच्या वेळी तुलना करता येते.

ऑइल काढायच्या खालच्या स्क्रूच्या टोकाला बऱ्याच इंजिनांत लोहचुंबक असतं. ते पुसण्याआधी बघा. त्यावर राखाडी मऊ लेप असेल तर चिंता नाही, गिअर एकमेकांत बसताना तेवढी झीज होतेच. बोटाच्या चिमटीत घेऊन चोळा. टोचलं, किंवा उन्हात चमकणारे सुईसारखे तुकडे दिसले, तर बेअरिंग किंवा दात सुटायला लागलेत. मग ऑइलची चर्चा थांबवा आणि लोअर युनिट, म्हणजे गिअरकेससकट पायाचा खालचा भाग, उतरवून गॅरेजला आणा. काळं आणि जळका वास येणारं ऑइल म्हणजे कधीतरी ते फार कमी पातळीवर चाललंय.

पाणी शिरायच्या वाटा चार. पहिली आणि सगळ्यात स्वस्त: गिअरकेसच्या दोन स्क्रूंचे (खालचा ऑइल काढायचा, वरचा पातळीचा) वॉशर. हे वॉशर एकदा दाबले गेले की त्यांचं काम झालं, दर वेळी नवे घालायचे. रुपयांत नगण्य, पण कोणी घालत नाही. आणखी एक गंमत असते. स्क्रू काढला की जुना वॉशर कधी कधी स्क्रूबरोबर न येता भोकाच्या तोंडाला चिकटून राहतो. त्याच्यावर लोक नवा घालतात. दोन वॉशर एकमेकांवर बसले की कितीही आवळा, पाणी आत जाणारच. टॉर्च लावून भोकाचं तोंड नीट बघा आणि नखाने किंवा लाकडी काडीने खरवडा. मला पुराच्या बोटींत दुधी ऑइलचं कारण कितीदा तरी एवढंच सापडलंय, म्हणून मी सुरुवात तिथूनच करतो.

दुसरी वाट पंख्याच्या दांड्याचं सील, म्हणजे दांड्याला घट्ट बसून पाणी अडवणारं रबरी कडं. वॉशर ठीक निघाले तर तुमच्या भागात माझा संशय सगळ्यात आधी इथेच जाईल. कारण पुराच्या पाण्यात तुम्ही नदीत बोट चालवत नसता, तुम्ही शेतावरून चालवता. खाली ऊस असतो, ठिबकच्या नळ्या असतात, पलूस-तासगावकडे द्राक्षबागांचे लोखंडी अँगल आणि तारा पाण्याखाली फूटभर असतात आणि गढूळ पाण्यात काही दिसत नाही. नायलॉनचा दोरा पंख्यात गेला की तो सरकत सरकत पंख्याच्या मागे दांड्यावर जाऊन बसतो. फिरताना गरम होतो, वितळतो आणि त्याचं कडं तयार होतं. ते कडं सीलच्या ओठावर घासत राहतं. बाहेरून काहीच दिसत नाही. पंखा उतरवल्याशिवाय कळत नाही.

पंखा उतरवणं अवघड नाही. आधी किल स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या स्विचची) दोरी काढा आणि स्पार्क प्लगच्या कॅपही काढून ठेवा. हे सोडू नका, कारण गिअरमध्ये असलेल्या इंजिनाचा पंखा हाताने फिरवला आणि ते सुरू झालं तर बोटं जातात. मग कॉटर पिन सरळ करून काढा, नट, वॉशर, पंखा, आणि त्यामागचं जाड पितळी किंवा स्टीलचं थ्रस्ट वॉशर. सगळं ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने एका ओळीत पोत्यावर मांडा. आता दांड्याभोवतीच्या खाचेत बघा. दोरा, मासेमारीची तंगूस, वितळलेलं कडं, काहीही असेल ते टोकदार हत्याराने न काढता हळूच सोडवा, नाहीतर उरलेलं सील तुम्हीच फाडाल. सीलच्या जवळ ऑइलचा ओलसर चिकट डाग असेल तर उत्तर मिळालं. नंतर दांड्याला ग्रीस लावून पंखा बसवा, कॉटर पिन नवीच घाला.

दांडा वाकलाय का तेही याच वेळी बघून घ्या. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने सावकाश फिरवायचा आणि दांड्याच्या टोकासमोर एक काडी स्थिर धरायची. टोक काडीपासून जवळ-लांब होत असेल तर दांडा वाकडा आहे. वाकड्या दांड्यावर नवं सील टिकत नाही, प्रत्येक फेऱ्याला दांडा सीलचा ओठ बाजूला ढकलतो. अँगलवर आपटलेल्या इंजिनात हे हमखास बघावं.

उरलेल्या दोन वाटा वरच्या आहेत: उभ्या दांड्याचं सील, वॉटर पंपाच्या खाली, आणि गिअर टाकायच्या शिफ्ट रॉडचं सील. त्यांच्यापर्यंत जायला लोअर युनिट उतरवावं लागतं. ते काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. पण गॅरेजमध्ये उतरवलंच, तर वॉटर पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं रबरी चक्र, त्याच खेपेला बदलून घ्या. तो नेमका तिथेच असतो आणि पुराच्या वाळू-गाळाने त्याची पाती झिजलेली असतात.

लोक विचारतात, ऑइल बाहेर गळत नाही तर पाणी आत कसं येईल? गिअरकेस चालताना गरम होते, आतली हवा फुगते. थांबलात की थंड पाण्यात ती पटकन निवते, हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. ऑइल जाड, ते बारीक फटीतून सहज बाहेर येत नाही. पाणी पातळ, ते आत ओढलं जातं. शिवाय दांड्याला बहुतेक दोन सील असतात, एकाचं तोंड आत आणि एकाचं बाहेर. बाहेरच्या तोंडाचं फाटलं तरी आतलं ऑइल धरून ठेवतं. म्हणून जमिनीवर एक थेंबही न गळणारं इंजिन पाण्यात पाणी पितं.

नक्की कुठून, हे सांगणारी एकच खात्रीची चाचणी आहे. रिकाम्या गिअरकेसला वरच्या भोकातून हवा भरायची आणि दाब टिकतो का बघायचा. बहुतेक मॅन्युअलमध्ये 10 ते 15 पीएसआयच्या आसपासचा दाब दिलेला असतो. दाब असताना दांडा फिरवायचा, शिफ्ट रॉड वर-खाली करायचा, आणि सगळीकडे साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे येतील तिथे गळती. चांगला मिस्त्री यानंतर उलटी चाचणी म्हणजे व्हॅक्यूमही लावतो, कारण काही सील आतून दाब दिला की घट्ट बसतात आणि ओढ लागली की सोडतात. हे काम पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर कृपया करू नका. टायरच्या दाबाने चांगली सीलही जागेवरून उडतात. मीटर लावलेला छोटा हातपंपच पाहिजे.

सील बदलायची वेळ आली तर त्यावर नंबर छापलेला असतो. मिरज-सांगलीतल्या बेअरिंगच्या दुकानात त्या मापाचं साधं सील मिळूनही जाईल. मी पंख्याच्या दांड्याला ते घालत नाही. साध्या सीलमधली बारीक स्प्रिंग बहुतेक साध्या लोखंडाची असते, पाण्यात राहून ती गंजते आणि ओठ ढिला पडतो. अडीअडचणीला बसवलंत तर पूर संपल्यावर बदलायचं हे लिहून ठेवा.

आता ऑइल बदलायची रीत. व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल, मी फक्त लोक जिथे घसरतात त्या जागा सांगतो.

इंजिन अगदी सरळ उभं पाहिजे, तिरकं नको. गिअरकेसला दोन स्क्रू: खालचा ड्रेनचा, वरचा पातळीचा. यांच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या स्क्रूला हात लावू नका. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूड इंजिनांत ड्रेन स्क्रूजवळच फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असतो. तो ऑइलचा नाही, आतल्या शिफ्टच्या जोडणीचा आहे. तो काढला की आतला भाग निसटतो आणि गिअरकेस उघडल्याशिवाय परत बसत नाही. खाचेला घट्ट बसेल असा रुंद स्क्रूड्रायव्हर घ्या. गच्च बसलेला असेल तर मागून हातोडीचा हलका ठोका द्या आणि मग फिरवा. अरुंद स्क्रूड्रायव्हरने खाच झिजली की मग ड्रिलशिवाय तो निघत नाही.

आधी खालचा सोडा, वरचा बंद ठेवून. हवा आत जात नाही म्हणून ऑइल सावकाश येतं, आणि तळाशी पाणी असेल तर तेच पहिल्यांदा बाहेर पडतं. ते पारदर्शक बाटलीत धरा. मग वरचा उघडा, धार लागेल. पूर्ण निथळू द्या, घाई नको. नेहमीच्या बदलात इंजिन थोडं चालवून कोमट असताना काढलं तर जास्त निघतं. पण पाण्याचा संशय असेल तेव्हा उलट करायचं, रात्रभर उभं ठेवून सकाळी थंड असताना खालचा स्क्रू सोडायचा. बाटली एक दिवस तशीच ठेवा, थर वेगळे होतात आणि पाणी किती होतं ते डोळ्यांनी दिसतं.

भरायचं खालून वर. वरच्या भोकातून ओतलं तर हवा आत अडकते, वरून भरलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात निम्मीच भरलेली असते. खालच्या भोकाला नळीवाला पंप किंवा ऑइलची ट्यूब लावायची आणि दाबत राहायचं, वरच्या भोकातून बुडबुडे न येता सलग ऑइल येईपर्यंत. मग थोडं थांबायचं, हवा वर येऊ द्यायची, पुन्हा थोडं भरायचं. आता क्रम महत्त्वाचा: पंप खाली लावलेलाच ठेवून आधी वरचा स्क्रू नव्या वॉशरसह बसवायचा. वरून हवा बंद झाली की खालचा पंप काढला तरी ऑइल धो धो येत नाही, तेवढ्यात खालचा स्क्रू लावून टाकायचा. चमचाभर सांडेल, सांडू दे. आवळताना मनगटाचा जोर पुरे, पूर्ण दंड लावू नका. केस ॲल्युमिनियमची आहे, आटे गेले की दुरुस्ती महाग पडते. मॅन्युअलमध्ये जेवढे मिलिलिटर दिलेत तेवढं आत गेलं का तेही बघा. फारच कमी गेलं असेल तर हवा अडकलीय.

तुमच्या इंजिनात पाणी होतं म्हणून एक भर. पहिलं भरलेलं ऑइल धुण्यासाठी समजा, त्याला साधं सीलबंद 90 चालेल. बॅरलमध्ये पाणी भरून, पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली राहील एवढं, इंजिन अगदी हळू गतीवर गिअर टाकून थोडा वेळ चालवा आणि काढा. पुन्हा दुधी दिसलं तर पुन्हा तसंच. स्वच्छ निघालं की मग मरीन ऑइल भरा. काहीजण डिझेल ओतून धुतात. डिझेल घालून इंजिन सुरू करू नका, दातांवर काही थर उरत नाही. आणि बॅरलशिवाय, कोरडं, "फक्त दोन मिनिटं" म्हणूनही इंजिन चालवू नका. इम्पेलर रबराचा आहे, तो पाण्याशिवाय जळतो.

कधी बदलायचं, यावर तुम्हाला पुस्तकातलं आणि माझं उत्तर वेगळं मिळेल. पुस्तक म्हणतं नव्या इंजिनाचं पहिल्यांदा 10 ते 20 तासांनी, मग दर 100 तासांनी किंवा ठरावीक महिन्यांनी. हे तापोळ्याच्या बोटीला बरोबर लागू पडतं, पर्यटकांच्या हंगामात तिचे 100 तास पटकन भरतात. तुमच्या बोटीचे 100 तास पाच वर्षांतही भरणार नाहीत. मग ग्रामपंचायतीत लोक म्हणतात, चाललंयच किती, कशाला बदलायचं? पण तिचं नुकसान चालण्याने होत नाही, उभं राहण्याने होतं. ऑगस्टमध्ये चमचाभर पाणी शिरलं आणि बोट शेडमध्ये गेली, की ते पाणी पुढच्या जूनपर्यंत बेअरिंगच्या खालच्या बाजूला बसून गंज पाडत राहतं. त्या गंजाच्या बारीक खड्ड्यांवरून गोळ्या फिरल्या की बेअरिंग गेलं, आणि ते जातं भर पुरात.

परदेशी व्हिडिओत जे सांगतात, हिवाळ्यात पाणी गोठून केस तडकते, त्याची आपल्याला भीती नाही. पण त्यांची सवय मात्र उचलण्यासारखी आहे: हंगाम संपला की बदलायचं, सुरू होताना नाही. तेव्हा तुमच्यासाठी वेळापत्रक असं. पूर ओसरला, बोट बाहेर आली, की त्याच आठवड्यात स्वच्छ पाण्यावर इंजिन चालवून गाळ काढायचा, गिअर ऑइल बदलायचं, पंखा उतरवून मागचा दोरा बघायचा, आणि इंजिन सरळ उभं ठेवायचं. मे महिन्यात फक्त खालचा स्क्रू किंचित ढिला करून दोन थेंब बोटावर घ्यायचे. स्वच्छ असतील तर नवा वॉशर घालून बंद. पावसाळ्यात पहिल्या सरावानंतर पुन्हा तेच. अंगावर घेण्यासारखं काम यात एकच आहे, बाकी सगळं पाच मिनिटांचं.

हे मे महिन्यातच का, ते तुमच्या गावाला सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 ला ते 57 फुटांच्या पुढे गेलं. कोयनेतून विसर्ग वाढल्याचे मेसेज फिरायला लागल्यावर कोणी गिअरकेस उघडून बसत नाही, आणि तेव्हा वॉशर आणायला दुकानही उघडं नसतं. दोन-चार वॉशर, कॉटर पिना, एक ऑइलची ट्यूब आणि रुंद स्क्रूड्रायव्हर बोटीच्याच पेटीत प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. इंजिनाच्या टोपणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि ऑइलचं नाव लिहा. चालवणारी पोरं दर वर्षी बदलतात, टोपण बदलत नाही.

पोरांवरून आठवलं. गिअर हळूच टाकायचा ही मोटारीतली सवय इथे उलटी पडते. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून इंजिन हळू गतीवर आणायचं आणि मग लिव्हर एका झटक्यात टाकायची. हळू टाकली की डॉग क्लचचे दात कडकड करत एकमेकांवर घासतात आणि तीच धूळ चुंबकावर येते. आणि फुल स्पीडवरून थेट रिव्हर्स तर कधीच नाही, समोर भिंत आली तरी आधी गती खाली.

निघालेलं ऑइल नदीत किंवा शेतात नको. सांगलीला पिण्याचं पाणी कृष्णेतूनच येतं आणि अर्धा लिटर ऑइल बराच मोठा तवंग धरतं. डब्यात साठवा आणि ट्रॅक्टरच्या सर्व्हिस सेंटरला द्या, वापरलेलं ऑइल रिसायकलिंगवाल्यांकडे पाठवायची त्यांची सोय असते.

उद्या तुम्ही एवढंच करा: चुंबकावरचा लेप चोळून बघा, दोन्ही भोकांत जुना वॉशर चिकटलाय का बघा, पंखा उतरवून मागे दोरा आहे का बघा. या तिन्हीत काही सापडलं नाही तर दाबाच्या चाचणीशिवाय पर्याय नाही. इंजिन बोटीला अडकवतात त्या ब्रॅकेटवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. त्याचा आणि बाटलीत धरलेल्या ऑइलचा, एक दिवस ठेवल्यानंतरचा, असे दोन फोटो टाका. मग नेमकं किती मिली आणि कुठल्या नंबरची सील लागतील ते सांगतो.